नातं या रकान्यात काय लिहायचं?
"एकत्र राहायला कोण अडवतंय, कागद हवाच कशाला" असं समलिंगी जोडप्यांच्या लग्नाच्या हक्काबद्दल वर कुणीतरी लिहिलंय, ते अजिबात पटलं नाही. माझी मावसबहीण आणि तिची जोडीदार ऐरोलीत १२ वर्षं एकत्र राहतात, गेल्या पावसाळ्यात बहिणीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन निघालं तर फॉर्मवर नातं या रकान्यातलं "जोडीदार" खोडून काउंटरवर "मैत्रीण" लिहिलं आणि सहीसाठी साताऱ्याहून भावाला बोलवायला लावलं, तिची जोडीदार बिचारी रात्रभर फाईल छातीशी धरून बाकड्यावर बसून होती.

१७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने लग्नाचा हक्क नाकारला तो नाकारलाच, पण ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलंय की अशा जोडप्यांना जॉइंट खातं उघडता येतं, जोडीदाराला नॉमिनी करता येतं. ह्या दोघींनी दिवाळीआधी ते केलं, फॉर्मवर एकमेकींची नावं बघून बहीण बँकेतच रडली.