आईला घेऊन रिगी: चालत जावं की रेल्वेने?

फोंडेकरीण
नमस्कार मंडळी. चवथ आटोपली की सप्टेंबरअखेरीस आई, धाकटा भाऊ आणि मी स्वित्झर्लंडला निघतोय. मुक्काम लुसर्नला आणि तिघांकडेही स्विस ट्रॅव्हल पास. एक दिवस रिगी डोंगरासाठी राखून ठेवलाय. आई अडुसष्ट वर्षांची. चढ ती हळूहळू चढते, पण उतारावर तिचे गुडघे बोलतात. भावाला आणि मला मात्र भरपूर चालायचंय. तिकिटं काढून देणारा म्हणतो, रेल्वेने थेट शिखरावर जा, तासभर थांबा, फोटो काढा, परत या. एवढ्या लांब जाऊन एवढंच? आईला एकटं न सोडता चालण्याची काही सोय होईल का? कोणी चालून आलंय का तिथे?

साखळीकर
बाय, होईल, आणि छान होईल. मुलीकडे गेलो होतो तेव्हा हा डोंगर मी मनसोक्त चाललोय. तुझ्यासारख्या घरासाठीच तो आहे असं मला मनापासून वाटतं.

आधी डोंगर समजून घे. रिगी आल्प्सच्या मुख्य रांगेत नाही, तिच्या पुढ्यात, जवळजवळ सुटा उभा आहे. शिखराची, म्हणजे रिगी कुल्मची, उंची १७९८ मीटर. तिथल्या मानाने काहीच नाही. पण पुढ्यात असल्यामुळे दक्षिणेला बर्फाची सगळी रांग आणि उत्तरेला सपाट मुलूख, दोन्ही एकाच जागेवरून दिसतात. खाली तीन तळी: लुसर्नचं, झुगचं आणि लहानसं लाउएर्त्सचं.

आता तुमचा दिवस. लुसर्नहून बोटीने निघा. तुम्ही दोघं भावंडं वेग्गिसला उतरा. आई त्याच बोटीने पुढे फित्स्नाउला जाईल आणि धक्क्यासमोरच उभ्या असलेल्या लाल रेल्वेत बसेल. ही दातेरी रेल्वे २१ मे १८७१ रोजी सुरू झाली. युरोपातली अशी पहिली डोंगरी रेल्वे. निकलाउस रिगेनबाख या अभियंत्याने रुळांच्या मधोमध शिडीसारखा दातेरी पट्टा बसवला आणि गाडीखालचं दातेरी चाक त्यात अडकवलं, म्हणून ती चारास एक अशा चढावरही घसरत नाही. त्याआधी लोक घोड्यावर किंवा माणसांनी खांद्यावर घेतलेल्या खुर्चीत बसून वर जायचे. आईला काल्टबाड स्थानकावर उतरायला सांग. तिथून केन्झेली नावाचा सज्जा पंधरा-वीस मिनिटांवर आहे, वाट जवळपास सपाट. खाली सगळं तळं पसरलेलं दिसतं आणि बसायला बाकं आहेत. तिला तिथे तासन्तास बसावंसं वाटेल.

तुम्ही दोघं वेग्गिसहून काल्टबाडला चढा. चढ हजार मीटरच्या आसपास, वेळ तीनेक तास. आपल्या गोव्यातल्या पारोड्याच्या चंद्रनाथ डोंगराच्या तिप्पट धरा, फक्त अंगातून घामाच्या धारा वाहत नाहीत. सुरुवातीला कुरणं, गाईंच्या गळ्यातल्या घंटा, मग रान. अर्ध्याहून वर फेल्सेनटोर लागतं: प्रचंड शिळा एकमेकींवर रेलून झालेली कमान, वाट तिच्याखालून जाते. तिथे थांबून दगडाला हात लावून बघा. आपल्याकडच्या जांभ्याच्या चिऱ्यासारखा सच्छिद्र नाही. सिमेंटात गोटे कालवून ओतल्यासारखा दिसतो. उगवत्या आल्प्समधून वाहत आलेल्या नद्यांनी अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी आणून टाकलेले हे गोटे आहेत, आणि अख्खा डोंगर त्यांचाच. नदीतला गोटा डोंगराच्या अंगात पाहिला की मला अजून भरून येतं.

काल्टबाडला आईला गाठा, जेवा, आणि मग तिघं मिळून रिगीवरच्याच शाइडेग या ठिकाणाची वाट धरा. माझा आग्रह या वाटेसाठी आहे, कुल्मसाठी नाही. काल्टबाड ते शाइडेग अशी एक रेल्वे १८७५ पासून १९३१ पर्यंत धावत होती. रूळ गेले, पण वाट राहिली. आगगाडीसाठी काढलेली असल्यामुळे चढउतार अगदी सौम्य. सातेक किलोमीटर, वाटेत जुना लोखंडी पूल आणि एक छोटासा बोगदा. आईला जेवढं झेपेल तेवढं तिने चालावं आणि आल्या वाटेने परतावं. सबंध चाललात तर शाइडेगहून क्रेबेलला केबल कार उतरते, तिथे डोंगराच्या दुसऱ्या बाजूने आर्थ-गोल्डाउला उतरणारी निळी रेल्वे मिळते. उतार एक पाऊलही चालायचा नाही.

कुल्म राहिलंच तर काल्टबाडहून रेल्वेने जा. वर गर्दी असते.

फोंडेकरीण
देव बरें करूं काका! आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, केन्झेलीला मी डबा घेऊन बसेन, तुम्ही या सावकाश. एक शंका: बोट, रेल्वे, केबल कार, सगळं पासात येतं का? आणि वाट चुकायची भीती?

वाळपईकर
बोट आणि रिगीच्या दोन्ही रेल्वे पासात येतात, वेग्गिस ते काल्टबाड केबल कारसुद्धा. पायांनी नकार दिला तर तीच धरा.

वाट चुकायची नाही. पिवळ्या पाट्यांवर ठिकाण आणि वेळ लिहिलेली असते. ती वेळ न थांबता चालण्याची, म्हणून आपल्या माणसाने त्यात निम्मी भर घालावी. दगडांवर पांढरा-लाल-पांढरा पट्टा असेल तर ती डोंगरवाट, पायांत नीट पकड असलेले बूटच हवेत.

एक कळकळीचं सांगणं. आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला असेल तर वेग्गिसची चढण सोडा. ओल्या मुळांवरून आणि गोट्यांवरून पाय सटकतो. आम्ही गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली माणसं, पावसाने डोंगर कसा सुटतो ते जाणतो. निळ्या रेल्वेने उतराल तेव्हा समोर रोसबर्ग डोंगर दिसेल, त्याच्या अंगावर मोठा ओरखडा आहे. २ सप्टेंबर १८०६ रोजी, पावसाळी हंगामानंतर, त्याची एक बाजू तिरक्या थरांवरून घसरून खाली आली. गोल्डाउ गाव गाडलं गेलं, ४५७ माणसं गेली. आज रेल्वेचं जंक्शन आहे ते त्याच जागी नव्याने उभं राहिलेल्या गावात.

साखळीकर
वाळपईकरांचं ऐका. आणि बाय, सप्टेंबरअखेरीस सकाळी लुसर्नमध्ये धुकं असेल तर बेत रद्द करू नका. शरदात धुकं बहुधा खालीच साचतं, वर स्वच्छ ऊन असतं. शिखरावरच्या कॅमेऱ्याचं चित्र इंटरनेटवर दिसतं, ते बघून निघा. आईसाठी स्वेटर आणि वाऱ्याचं जाकीट दोन्ही घ्या, आणि शाइडेगहून उतरणाऱ्या केबल कारची शेवटची वेळ काल्टबाडलाच विचारून ठेवा.