चाल 'सा'वर थांबते तेव्हा कोणती कॉर्ड धरावी?

पेटीकर, कोथरूड:
सुगम संगीताच्या वर्गात मी पेटीची साथ करतो आणि अलीकडे कीबोर्डवर कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबायचे तीन स्वर, धरायला शिकलो आहे. शुद्ध स्वरांतून सात कॉर्ड तयार होतात, हे समजले: सा-ग-प, म-ध-सा आणि प-नी-रे या मेजर, रे-म-ध, ग-प-नी आणि ध-सा-ग या मायनर, आणि नी-रे-म ही डिमिनिश्ड. चाल 'सा'वर थांबली तर तो स्वर यांपैकी तीन कॉर्डमध्ये सापडतो. तिन्हींत तो सुरेलच लागतो, तरीही परिणाम अगदी निराळा होतो. शिवाय प-नी-रे नंतर म-ध-सा वाजवली की ओळ मागे सरकल्यासारखी वाटते. या निवडीमागे काही तत्त्व आहे का?

एरंडवणेकर:
तत्त्व आहे, आणि ते कॉर्डच्या स्वरांपेक्षा ती कॉर्ड 'सा'च्या संदर्भात कोणते काम करते यावर उभे आहे. जर्मन संगीतशास्त्रज्ञ ह्यूगो रीमान यांनी १८९३ मध्ये अशी तीन कामे मांडली: टॉनिक, सबडॉमिनंट आणि डॉमिनंट. टॉनिक म्हणजे सा-ग-प, जिथे चालीला विश्रांती मिळते. सबडॉमिनंट म्हणजे म-ध-सा. डॉमिनंट म्हणजे प-नी-रे, आणि तिच्यात 'म' मिळवला की तिची ओढ आणखी तीव्र होते.

ही ओढ पेटीवर स्वतः ऐकून पाहावी. पांढरी एक 'सा' धरून 'म' आणि त्याच्या वरचा 'नी' हे दोनच स्वर एकत्र दाबा. त्यांच्यात सहा अर्धस्वरांचे अंतर आहे आणि कान तिथे स्थिरावत नाही. आता 'नी' अर्ध्या स्वराने वर तार सप्तकातल्या 'सा'वर न्या आणि त्याच वेळी 'म' अर्ध्या स्वराने खाली 'ग'वर आणा. डॉमिनंटकडून टॉनिककडे येण्यातली सारी निकड या दोन हालचालींत आहे.

म-ध-सा आणि रे-म-ध यांच्यात दोन स्वर समान असल्याने दोघी डॉमिनंटची पूर्वतयारी करतात. म्हणूनच प-नी-रे नंतर म-ध-सा आली की उभा राहिलेला ताण सुटण्याऐवजी विरतो. आता तुमचा 'सा': वाक्य पूर्ण होत असेल तर सा-ग-प घ्यावी, पुढे प-नी-रे कडे जायचे असेल तर म-ध-सा, आणि ओळ संपली तरी आशय संपलेला नसेल, तर प-नी-रे नंतर अनपेक्षितपणे ध-सा-ग. ग-प-नी मात्र टॉनिक आणि डॉमिनंट अशा दोन्हीकडे झुकते, त्यामुळे तिचे काम आजूबाजूच्या कॉर्डवरूनच ठरवावे लागते.

गिटार_औंध:
विवेचन पटले, पण ते प्रामुख्याने अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील युरोपीय संगीताच्या व्यवहारातून आले आहे, हे सांगायला हवे. बारा बारच्या (मात्रांच्या बारा समान गटांच्या) ब्लूज या अमेरिकी संगीतप्रकारात नवव्या बारला डॉमिनंट आणि दहाव्या बारला सबडॉमिनंट येणे अगदी रूढ आहे आणि तिथे ते मुळीच चुकीचे वाटत नाही. उलट, सा-ग-प ही कॉर्ड खर्जात 'प' ठेवून प-नी-रे च्या आधी वाजवली, तर तिचे स्वर टॉनिकचे असूनही ती डॉमिनंटच्याच कामाला लागते. त्यामुळे खालचा स्वर आणि कॉर्डची जागा पाहिल्याशिवाय केवळ नावावरून काम ठरवू नये.

पेटीकर, कोथरूड:
म-नी आणि ग-सा वाजवून पाहिले. फरक लगेच कानाला जाणवला. आसावरी थाटातील चालीला हेच लागू करता येईल का?

एरंडवणेकर:
तिथे 'नी' कोमल असल्याने प-नी-रे मायनर होते आणि 'सा'कडे जाणारी अर्ध्या स्वराची ओढ उरत नाही. पाश्चात्त्य रचनाकार मायनरमध्ये नेमक्या या कॉर्डपुरता 'नी' शुद्ध करतात. पण चाल रागाला धरून बांधलेली असेल आणि गायक कोमल 'नी' गात असेल, तर खाली शुद्ध 'नी' वाजवणे मला अजिबात मान्य नाही. तिथे ओढ कमी राहिली तरी चालेल. आणखी एक, कॉर्डची साथ असताना इलेक्ट्रॉनिक तानपुरा बंद ठेवावा. प-नी-रे मध्ये 'सा' नसतो, त्यामुळेच 'सा'पासून दूर गेल्याची जाणीव होते. तानपुऱ्यात तो अखंड वाजत राहिला, तर 'नी'शी घासतो आणि ती जाणीवही पुसून टाकतो.