मदत हवी आहे: आईच्या हृदयाची अॅब्लेशन (धडधडीवरची प्रोसिजर) नाशकातच करावी का? हॉस्पिटलमध्ये नक्की काय बघायचं?

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे पण वाचा प्लीज.

आई ५८ वर्षांची, आम्ही सिडकोत राहतो. तिला मधूनच धडधड व्हायची, बटण दाबल्यासारखी सुरू आणि तशीच बंद, दवाखान्यात पोचेस्तोवर थांबलेली असायची त्यामुळे ईसीजी कायम नॉर्मल आणि अॅसिडिटीची गोळी घेऊन घरी. गेल्या महिन्यात मात्र थांबेचना. कॅज्युअल्टीत नेलं तर मॉनिटरवर ठोके १९०! डॉक्टरांनी अॅडेनोसिन (धडधड तोडायचं इंजेक्शन) झटकन शिरेत सोडलं, मागोमाग सलाईन ढकललं, आईने छाती धरली, "अगं आई गं" एवढंच म्हणाली, मॉनिटरवर रेघ क्षणभर सपाट आणि मग ठोके ८४. सिस्टर म्हणाल्या असंच होतं, घाबरू नका.

निदान एव्हीएनआरटी. म्हणजे एव्ही नोडजवळ (हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत करंट जातो ती गाठ) करंटला दोन वाटा आहेत आणि तो त्यातच गोल गोल फिरत बसतो. मेटोप्रोलॉल ही ठोके कमी करायची गोळी चालू आहे पण त्याने तिला गरगरतं, जिना चढताना मधेच बसावं लागतं. त्यामुळे ईपी स्टडी (हृदयातल्या करंटची आतून तपासणी) आणि आरएफ अॅब्लेशन करायचं ठरलंय, जांघेतल्या शिरेतून कॅथेटर नेऊन ती जादाची वाट जाळतात. करावं की नाही हा प्रश्न नाहीये, कुठे करावं हा आहे.

इथल्या एका हॉस्पिटलात मुंबईचे ईपीवाले डॉक्टर ठरलेल्या दिवशी येतात, ओळीने केसेस करतात आणि संध्याकाळी परत. मी विचारलं रात्री काही झालं तर कोण बघणार? काउंटरवरून उत्तर, "सर फोनवर असतात ना." आणि भिंतीवरचा एनएबीएचचा (हॉस्पिटलच्या दर्जाचं मानांकन) बोर्ड दाखवला. अहो पण ते मानांकन अख्ख्या हॉस्पिटलच्या कारभाराचं, त्यावरून ईपी लॅबचं मला काय कळणार? अमेरिकेतल्या हार्ट रिदम सोसायटीने २०१४ मध्ये ईपी लॅब कशी असावी, माणसं कोण हवीत, मशिनं काय हवीत यावर सविस्तर कागद काढलाय. तसं काही आपल्याकडे पेशंटच्या घरच्यांना बघायला मिळतं का?

मला भीती दोनच गोष्टींची. एक, नोडलाच धक्का लागून हार्ट ब्लॉक (करंट खाली पोचणंच बंद) होणं आणि कायमचा पेसमेकर. दुसरी, हृदयाच्या पिशवीत रक्त साठणं. हे दुसरं टेबलवरून उतरल्यावर काही तासांनीही होऊ शकतं म्हणे, आणि तेव्हा सर कसारा घाटात असतील तर सुई घालून ते रक्त काढणार कोण?

मुंबईला न्यायची तयारी आहे, ठाण्याला काका आहेत. पण पप्पांना शुगर, त्यांना एकटं ठेवता येत नाही. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा ना, हॉस्पिटलला काय काय विचारलंत?

प्रतिसाद

दादा, मी कॅथ लॅबमध्ये (जिथे कॅथेटरने हृदयाच्या प्रोसिजर करतात) टेक्निशियन आहे, नाशकातच. तुमचा रात्रीचा प्रश्न एकदम बरोबर आहे, तो सोडू नका. एव्हीएनआरटीचं अॅब्लेशन ९५ टक्क्यांच्या वर यशस्वी होतं आणि पेसमेकरची वेळ शंभरात एखाद्यावर, तीही क्वचितच. थ्रीडी मॅपिंग (हृदयाचा कॉम्प्युटरवरचा नकाशा) नाही म्हणून हॉस्पिटल बाद करू नका, या केसला त्यावाचून अडत नाही. एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित होणं) असतं तर गोष्ट वेगळी, तिथे हृदयाच्या मधल्या पडद्याला भोक पाडून डाव्या बाजूला जातात, रक्त पातळ ठेवावं लागतं, तिथे मॅपिंग आणि हार्ट सर्जन त्याच इमारतीत हवेतच. तुम्ही एवढं विचारा: रात्री आयसीयूत कार्डिओलॉजिस्ट प्रत्यक्ष असतो का फक्त आरएमओ (ड्युटीवरचा साधा डॉक्टर), इको मशीन रात्री कुलपात तर नसतं ना, पिशवीतलं रक्त काढणं आणि टेंपररी पेसमेकर टाकणं रात्रीच्या त्या डॉक्टरला स्वतःला येतं का, सर्जन किती वेळात पोचतो. आणि सरांनी स्वतः या प्रकारच्या केसेस किती केल्यात, हे थेट सरांनाच विचारा, चांगला डॉक्टर त्यावर चिडत नाही. १९० वाली ईसीजीची पट्टी जपून ठेवा, झेरॉक्स काढा, त्या कागदावरची छपाई फिकट होऊन उडते. मेटोप्रोलॉल प्रोसिजरच्या आधी काही दिवस बंद करायला लावतात, नाहीतर लॅबमध्ये धडधड सुरूच करता येत नाही, पण ती मनाने बंद करू नका.

धागाकर्ता

ताई, फार मोठं काम केलंत. इको कुलपात असू शकतं हे डोक्यातच आलं नव्हतं. सोमवारी जाऊन हे सगळं रात्रपाळीच्या डॉक्टरांनाच विचारतो, काउंटरवर नाही. एक राहिलं, गोळी बंद असताना मधल्या दिवसांत परत १९० झालं तर घरी काय करायचं? धडधड थांबवायला नाक दाबून जोर लावायचा तो प्रकार आईला जमेल का, आणि थांबलं नाही तर किती वेळ वाट बघून निघायचं?