गॅस्ट्रायटिस म्हणजे गॅस नव्हे

'गॅस्ट्रायटिस म्हणजे गॅसेसचा त्रास' हे तुमचं म्हणणं पटलं नाही. त्यातला 'गॅस्टर' ग्रीक, अर्थ जठर. 'आयटिस' म्हणजे दाह. जठराच्या आतल्या अस्तराला सूज येते, तो जठरदाह. बातम्यांतला 'गॅस्ट्रो' आणखी वेगळा. त्यात आतड्यांनाही दाह होतो, जुलाब-उलट्या लागतात.

हा घोळ नुसता शब्दांचा नाही, म्हणून कळकळीने लिहितोय. जठरदाहामागे बऱ्याचदा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो (त्याच्या शोधाबद्दल मार्शल आणि वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं), नाहीतर सतत घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. माझी आई 'गॅस झालाय' म्हणत चार महिने सोडा पीत राहिली. शेवटी दुर्बिणीतून पाहिलं, तर अस्तर लालभडक आणि जागोजागी सोललेलं.