इमॉर्टल टेक्निकची गोष्ट सांगण्याची रीत : आपापले अनुभव लिहा

पेरूमध्ये जन्मलेला आणि न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये वाढलेला रॅपर इमॉर्टल टेक्निक कोणत्याही मोठ्या कंपनीच्या आधाराशिवाय कसा उभा राहिला, यावर पुष्कळ बोलले जाते. तो गोष्ट कशी सांगतो, यावर मात्र फारसे कोणी लिहीत नाही. ज्यांनी त्याला मन लावून ऐकले आहे त्यांनी आपला अनुभव इथे मांडावा, ही विनंती.

सुरुवात मीच करतो. 2007 साली पुण्यात वसतिगृहात असताना खोलीतल्या मित्राने त्याचे 'डान्स विथ द डेव्हिल' हे गाणे लावले. पियानोची एकच उदास सुरावट फिरत राहते आणि टोळीत मान मिळावा म्हणून धडपडणारा एक मुलगा कुठवर घसरत जातो, हे तो सांगत राहतो. उच्चार झेपेनात म्हणून मी शब्द वहीत उतरवून काढले, तेव्हा कुठे कळले की टोळीने जिच्यावर अत्याचार केला ती अनोळखी बाई त्या मुलाचीच आई होती. त्यानंतर निवेदक कबूल करतो की त्या रात्री त्या कृत्यात तोही सामील होता. माझी झोप उडाली ती या कबुलीने, कारण तोवर मी त्याला सूत्रधार समजून निर्धास्त ऐकत होतो.

सोलापूरहून :
आमच्या घरात कीर्तनाची परंपरा असल्यामुळे पूर्वरंगात सिद्धान्त आणि उत्तररंगात आख्यान हा क्रम अंगात मुरलेला आहे. वरच्या गाण्यात तो उलटतो. आधी आख्यान, शेवटी उपदेश. तो उपदेश मला अनावश्यक वाटतो. त्या मानाने 2003 च्या 'रेव्होल्युशनरी व्हॉल्यूम 2' मधले 'पेरूव्हियन कोकेन' मला अधिक पक्के वाटते. भारुडात सोंगांमागून सोंगे यावीत तसे त्यात कोकाच्या मळ्यातला मजूर, त्याचा मुकादम, देशाचा सत्ताधीश, माल आणणारा, विकणारा, वेषांतर केलेला पोलीस आणि अखेरीस कैदी असे एकेक जण आपापली बाजू मांडतात. प्रत्येकाचा आवाज वेगळ्या रॅपरचा आहे आणि मजुराचे सोंग इमॉर्टल टेक्निकने स्वतःकडे ठेवले आहे.

मुंबईहून :
मारहाणीच्या गुन्ह्यात तुरुंगवास भोगून इमॉर्टल टेक्निक 1999 मध्ये पॅरोलवर सुटला, रॅपच्या जुगलबंद्या जिंकत गेला आणि 2001 मधला पहिला अल्बम त्याने स्वतः काढून रस्त्यावर हातोहात विकला. हे वाचून मला नवल वाटले नाही. माझे वडील 6 डिसेंबरला शिवाजी पार्कवर चादर अंथरून भीमगीतांच्या पुस्तिका विकत असत. पाने उडू नयेत म्हणून त्यावर दगड ठेवलेले असायचे. कोणी थांबला की ते दोन ओळी गाऊन दाखवत आणि तिसरी मुद्दाम गिळून टाकत. पुस्तिका खपायची.

नागपूरहून :
माझा अनुभव कौतुकाचा नाही. 'डान्स विथ द डेव्हिल' मी एकदाच ऐकले. त्या आईला आख्ख्या गोष्टीत स्वतःचे मन दिलेले नाही. ती मुलाच्या शिक्षेचे साधन होऊन राहते, आणि श्रोते मात्र कलाटणीवर खूष असतात. इमॉर्टल टेक्निकच्या सुरुवातीच्या गाण्यांत समलिंगी माणसांविषयी येणारे हिणकस शब्दही मला सोसवत नाहीत. तरीही 2008 च्या 'द थर्ड वर्ल्ड' अल्बमच्या नफ्यातून त्याने काबूलमध्ये अनाथाश्रम उभारायला मदत केली, हे मी विसरू शकत नाही.

ठाण्याहून :
मी मराठीत रॅप करतो. आजोबांच्या गिरणीच्या संपावर सहा मिनिटांची एक गोष्ट लिहून मी ध्वनिमुद्रणाला गेलो, तर स्टुडिओच्या मालकांनी सांगितले की दर सोळा ओळींनंतर लोकांना गुणगुणता येईल असे काहीतरी घाला. मी घातले. आजीला ऐकवले तेव्हा ती म्हणाली, "अरे, आजोबा गेटवर उभे आहेत आणि तू मध्येच नाचायला काय लागलास?" त्या रात्री मी त्या ओळी काढून टाकल्या.