१० इंची गादीला नीट बसेल अशी चादर कोणती? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, परभणीहून विचारतेय. सासूबाईंच्या पाठीसाठी नवी गादी घेतली, ७२ बाय ७८ इंच, जाडी १० इंच. गादी झकास आहे, पण चादर काही टिकत नाही. घरातल्या डबल चादरी ९० बाय १००च्या. रुंदीला दोन्हीकडून नऊ-नऊ इंच उतरतात, म्हणजे गादीची कडासुद्धा झाकत नाहीत. खोचायचं काय, कपाळ? सकाळी सगळा बोळा पायाशी.

इलॅस्टिकवाली बघितली, तर पाकिटावर ‘८ इंचापर्यंत’ लिहिलेलं. दुकानदार म्हणतो, “ताणून बसते की ताई!” बसते हो, पण कूस बदलली की कोपरा फटकन सुटतो. त्यात सुती कापड धुतल्यावर आटतं ते वेगळंच. पॉलिस्टर आटत नाही, पण आपल्याकडच्या मे महिन्यात त्यावर झोपून दाखवा!

तर १०८ बाय १०८ची साधी सुती चादर घेऊ, की १२ इंच खोलीची, चहूबाजूंनी इलॅस्टिक असलेली? नुसतं कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेली टिकते का? कुणी मोठी चादर आणून टेलरकडून इलॅस्टिक लावून घेतलंय का? परभणी-नांदेडकडे कुठे मिळत असेल तर तेही सांगा.