टायटेनियमच्या वायर-आर्क प्रिंटिंगला बंद आर्गॉन चेंबर लागतोच का?

हिंगणा_टॉर्च
रोबोटच्या हाती वेल्डिंग टॉर्च देऊन थरावर थर चढवत पार्ट उभा करायचा, हे काम नागपूरजवळच्या हिंगणा-बुटीबोरीच्या लहान शॉपलाही जमण्यासारखं आहे. पण कुठेही विचारा, सल्ला ठरलेला: आधी बंद आर्गॉन चेंबर (आर्गॉन या निष्क्रिय वायूने भरलेली पेटी) घ्या, नाहीतर धातू ऑक्सिडाइज होईल. माझ्या मते हा खर्च बहुतेकांना नकोच.

साध्या स्टीलला ८०-२० मिक्स गॅस (आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइड) पुरतो. ईआर७०एस-६ तारेतलं सिलिकॉन-मँगनीज ऑक्सिजन ओढून घेतं आणि बीडवर (वेल्डच्या पट्टीवर) काचेसारखे तपकिरी ठिपके सोडतं. पुढच्या थराआधी ते वायर ब्रशने काढले की झालं. टायटेनियमला टॉर्चमागे ट्रेलिंग शील्ड (आर्गॉन सोडणारं झाकण) लावा, मागचा तापलेला पट्टा आर्गॉनखाली थंड होतो.

आपल्याकडे खरा शत्रू कूलर आहे. पारा ४५ ला टेकला की शॉपमध्ये डेझर्ट कूलर फुल्ल सुरू, आणि त्याच्या झोतात नोझलचा गॅस उडून जातो. आधी कूलरचं तोंड फिरवा, पडदे लावा, मग चेंबरचं बोला.

थर_दर_थर
स्टीलचं पटलं. टायटेनियमचं अजिबात नाही.

वेल्डिंगच्या सांध्यात टॉर्चचे मोजके पास (फेरे) असतात. इथे भिंत चढत जाते, उष्णता साठत जाते आणि खालचे थर दोन्ही बाजूंनी उघडे राहतात. तुमची ट्रेलिंग शील्ड वरच्या बीडपुरती. टायटेनियम ४००-५०० अंशांच्या वर उघड्या हवेत राहिलं की ऑक्सिजन घेऊ लागतं.

त्याहून वाईट म्हणजे, टायटेनियम आपलाच ऑक्साइड पोटात जिरवतं. निळ्या पडलेल्या बीडवर पुढचा थर मारला की तो निळा पापुद्रा वितळून धातूत मिसळतो. वरून पार्ट चंदेरी दिसतो, आतून ठिसूळ झालेला असतो. टायटेनियमच्या ग्रेड ५ मिश्रधातूमध्ये ऑक्सिजनची कमाल मर्यादा ०.२० टक्के, ग्रेड २३ मध्ये ०.१३. त्यातला काही वाटा तारेतूनच येतो, मग चुकायला जागा उरते किती?

हिंगणा_टॉर्च
अहो भाऊ, मग शील्डला दोन्ही बाजूंनी झालर लावा, भिंतीच्या बाजूही झाकल्या जातील. दोन थरांमध्ये थांबा, तापमान मोजा, उतरलं की पुढचा थर. निळा दिसला तर घासून काढल्याशिवाय पुढे जायचंच नाही. वेळ जाईल, मान्य आहे. पण चेंबरमध्येही उष्णता साठतेच, थांबावं तिथेही लागते.

बुटीबोरी_मिग
कूलरबद्दल अजून एक. वाऱ्याचंच काऊन बोलून राहिले, ओलाव्याचं पण बोला ना. ॲल्युमिनियमची तार उघडी ठेवली की तिच्यावरच्या ऑक्साइडला ओल धरते, आर्कमध्ये त्याचा हायड्रोजन होते अन् बीडमध्ये बारीक छिद्रं पडतात. स्पूल झाकून कोरड्या जागी ठेवा. आमच्याकडे छिद्रं दिसली की पोरं गॅसचा नॉब वाढवतात. जास्त फ्लोने गॅस घुसळते अन् बाहेरची हवाच आत ओढते. उलटं काम होते.

थर_दर_थर
झालर सरळ भिंतीला जमेल. कोपरा आला, गोल वळण आलं की फट पडणारच. चेंबर महाग वाटत असेल तर निदान प्लास्टिकचा लवचिक तंबू घ्या, आत ऑक्सिजन मीटर बसवा आणि आकडा खाली आल्यावरच आर्क लावा. रंग बघून पास-नापास ठरवणं मला मंजूर नाही.

सेफ्टी_पहिले
तंबू लावणाऱ्यांनो, आर्गॉन हवेपेक्षा साधारण १.४ पट जड असतो. गळती झाली तर तळाला, खड्ड्यात साचतो. वास नाही, रंग नाही, माणूस गुदमरतो. एक ऑक्सिजन मीटर तंबूत, दुसरा बाहेर जमिनीलगत, अलार्मसकट. तंबू पूर्ण हवेशीर केल्याशिवाय कोणी डोकं आत घालायचं नाही.

हिंगणा_टॉर्च
दोन्ही मीटर मान्य. चेंबर अजूनही नाही. एकच भिंत दोनदा करू, एकदा झालरीखाली, एकदा तंबूत, आणि दोन्हींचे तुकडे ऑक्सिजन तपासणीला लॅबमध्ये देऊ.

थर_दर_थर
चालेल. फक्त तुकडा वरच्या थराचा नको, भिंतीच्या मधल्या उंचीवरून कापा. आणि कोपरा असलेली भिंत करा.